काठावरचे काका

मी पाण्याला भितो असं आमच्या सौ.चं मत आहे. ते बरोबर नाही. मी पाण्याचा आदर करतो, आणि ज्याचा आदर करायचा त्याच्यापासून चार हात लांब उभं राहायचं, असं आम्हांला लहानपणी शिकवलेलं आहे.

राहायला मी विरार पूर्वेला, चंदनसारला. गावाच्या नावातलं चंदन कुणी आणि केव्हा उगाळून संपवलं ते मला ठाऊक नाही. पण सार मात्र दर पावसाळ्यात रस्त्यावरून वाहत असतं, आणि त्यात कोथिंबिरीच्या काड्यांपासून कुणाच्या तरी एका पायातल्या चपलेपर्यंत सर्व जिन्नस तरंगत असतात. हे सार बघायला आमची पहिल्या मजल्यावरची गॅलरी फार सोयीची. चहाचा कप घेऊन मी तिथे उभा राहतो. खालून जाणारे लोक वर बघून "काय काका!" म्हणतात. मी हात वर करतो. आमच्या गल्लीत मी सर्वांचा काका आहे.

आता पोहायला मला कुणी शिकवलंच नाही असं नव्हे. आठव्या वर्षी गावच्या विहिरीवर माझ्या काकांनी माझ्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला, "घाबरायचं नाही" असं सांगितलं आणि मी "बरं" म्हणायच्या आत ढकलून दिलं. डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. पुढचं मला बुडबुड्यांपलीकडे फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की काकांनी धोतर, बंडी आणि मनगटावरचं घड्याळ यांच्यासकट उडी मारली. घड्याळ पाच वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं ते कायमचं. पुढे कितीतरी वर्षं काका ते तसंच बांधत, आणि कुणी वेळ विचारली की सूर्याकडे बघून सांगत. त्या घड्याळाबद्दल त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. पोहणं तेव्हापासून सुटलं ते सुटलंच.

अशा माणसाने पाण्यातल्या कलेविषयी लिहावं हा आगाऊपणा झाला. पण त्याला माझी पुतणी जबाबदार आहे.

ही पुतणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकते. आमच्या वेळी चित्रकलेला जाणारी पोरं कागदाला रंग लावीत आणि उरलेला शर्टाला पुशीत. हिच्या अंगावर औषधाला रंगाचा डाग सापडायचा नाही. काय शिकतेस म्हणून विचारलं तर "व्हिडिओ परफॉर्मन्स" असं म्हणाली. आमच्या ओळखीचा एक इसम पूर्वी लग्नाच्या कॅसेटी काढीत असे. त्याचा इतकी वर्षं उगाच पाणउतारा केला असं मला वाटून गेलं.

२०२४ च्या जुलैमध्ये बिल व्हायोला नावाचा अमेरिकन कलावंत वारला. पुतणी तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली होती. ती दोन दिवस कुणी जवळचं गेल्यासारखी गप्प. सौ.ने तर "मुलगा कुठला?" असंसुद्धा हळूच विचारून घेतलं. मुलगा त्र्याहत्तर वर्षांचा होता हे कळल्यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली, आणि मी मात्र लॅपटॉपपुढे सापडलो.

पहिली फिल्म सात मिनिटांची. १९७७ ते ७९ या काळात केलेली. दाट हिरवं रान, पुढे चौकोनी हौद. रानातून एक माणूस येतो (हा स्वतः व्हायोलाच) आणि हौदाच्या काठावर उभा राहतो. बराच वेळ उभा राहतो. मला ते लगेच पटलं. पाण्याच्या काठावर बराच वेळ उभं राहणं यात मी कुणाला हार जाणार नाही. मग तो एकदम उडी मारतो, आणि गुडघे पोटाशी घेतलेल्या स्थितीत हवेतच थांबतो.

मी दूरदर्शनच्या पिढीतला माणूस. चित्र थांबलं की मागून 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी येते आणि एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची असते, हे आमच्या रक्तात आहे. मी सवयीने लॅपटॉपला बाजूने एक चापट मारली. पुतणीने माझा हात धरला. "काका, बिघडलं नाहीये. पाण्याकडे बघा." पाहिलं. वर माणूस टांगलेला आणि खाली हौदातलं पाणी हलतंय, त्यात काठावरून जाणाऱ्या कुणाकुणाची प्रतिबिंबं पडताहेत. काठावर मात्र कुणी नाही. टांगलेला माणूस हळूहळू पुसट होत रानात मिसळून जातो. पुष्कळ वेळाने तो त्याच हौदातून, जन्माला आल्यासारखा उघडा, बाहेर येतो आणि रानात चालता होतो.

"मग पडला केव्हा?" मी विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे," पुतणी म्हणाली.

हवेत लटकलेली माणसं मला नवीन नाहीत. मी तेहेतीस वर्षं विरार लोकलने चर्चगेटला गेलो. पण आमच्यात आणि व्हायोलात फरक हा की आम्ही लटकलो तेव्हा कुणी त्याकडे कला म्हणून पाहिलं नाही.

पुतणीने त्याच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. सहा वर्षांचा असताना हा मुलगा एका तळ्यात पडला आणि थेट तळाला गेला. तिथे त्याला भीती वाटली नाही. हिरवा-निळा उजेड, हलणाऱ्या वनस्पती, इतकं सुंदर काही त्याने पाहिलंच नव्हतं. तो खुशाल तिथे राहायला तयार होता. पुढे आयुष्यभर त्याने माणसांना पाण्यात घालून जे काही केलं, त्याचं मूळ तिथे आहे म्हणे. १९९६ च्या एका कामात तर उभ्या माणसावर पाणी कोसळत राहतं, इतकं की शेवटी माणूस दिसेनासा होतो.

"पण मग तो बाहेर कसा आला?" मी विचारलं. कलेबद्दल माझे प्रश्न हे असे पोलीसपाटलासारखे असतात.

"त्याच्या काकांनी उडी मारून बाहेर काढलं."

मी खुर्चीत जरा सरळ बसलो. जगभरच्या काकांची मान ताठ व्हावी अशीच ही गोष्ट आहे. त्या काकांना तळातल्या सौंदर्याची कल्पना नव्हती हेच बरं झालं. त्यांना फक्त मुलगा दिसेनासा झाल्याचं कळलं.

पुढचा कलावंत बास यान आदर. हा डच. १९७० साली त्याने आम्स्टरडॅममध्ये सायकल चालवीत चालवीत सरळ कालव्यात घातली आणि त्याची फिल्म केली. फिल्म संपायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. सौ. तेव्हा भजी घेऊन आली होती. ती म्हणाली, "अगं बाई! मेल्याला ब्रेक नव्हते का?" पुतणीने सांगितलं की मुद्दामच पाडून घेतलं. "मग धुणं कुणी धुतलं?" सौ.ने विचारलं. कलासमीक्षेत हा प्रश्न पूर्वी कुणी उपस्थित केला असल्याचं पुतणीच्या माहितीत नव्हतं.

पण त्याची पुढची हकीकत ऐकून आम्ही भजी खायचं थांबलो. १९७५ च्या जुलैमध्ये हाच माणूस चार मीटरसुद्धा लांबी नसलेल्या होडीत एकटा बसून अमेरिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडायला निघाला. तोही त्याच्या कलेचाच भाग. पुढच्या वर्षी होडी आयर्लंडच्या बाजूला समुद्रात सापडली. तो सापडला नाही.

मी विचारलं, की जोवर तो सायकलवरून पडत होता तोवर आपण हसलो ते ठीक. पण कुठल्या क्षणाला हसणं थांबवून ओरडायला हवं होतं? आणि ते काठावरच्याला कसं कळायचं? कॅमेरा तर त्या दोन्ही वेळी सारखाच चालतो. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही चांगले प्रेक्षक आहात." ही स्तुती ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

मग तिने आपल्याकडचं दाखवलं. मुंबई आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडे काम करणाऱ्या नेहा चोक्सी यांचा व्हिडिओ. या बाईंनी चक्क बर्फाची होडी केली आणि तळ्यात वल्हवीत राहिल्या. होडी वितळत गेली. शेवटी होडी म्हणजेच पाणी, आणि बाई पाण्यात. बुडणार हे तिला ठाऊक, मला ठाऊक, बर्फाला तर ठाऊकच. आणि तरी ती वल्हवतेय. मला विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि आमच्या सोसायटीचा दुरुस्ती फंड एकदमच आठवले. सौ. मात्र अर्नाळ्याला मासळी घ्यायला जाणारी. "एवढ्या लाद्यांत किती पापलेट राहिली असती!" असं म्हणून तिने उसासा सोडला, आणि तिचंही मला खोटं वाटलं नाही.

शेवटी दिल्लीचे अतुल भल्ला. हा व्हिडिओ नव्हे, छायाचित्रांची मालिका, २००५ ची. भल्ला स्वतः यमुनेत उतरलेत आणि एकापाठोपाठच्या चित्रांत खाली खाली जाताहेत. मी विचारलं, नाव काय याचं? पुतणीने इंग्रजी नावाचा अर्थ सांगितला: मी हात हलवत नव्हतो, बुडत होतो. स्टेव्ही स्मिथ या इंग्रज कवयित्रीची १९५७ ची एक कविता आहे, तिच्यावरून ते घेतलंय. लांब पाण्यात एक माणूस हात वर करत असतो आणि काठावरच्यांना वाटतं, तो आपल्याला रामराम करतोय.

मी भज्यांची बशी खाली ठेवली आणि गॅलरीत गेलो. पुतणीला वाटलं, काकांना कला भिडली. भिडलं ते निराळंच होतं.

१० जुलै २०१८. आमच्या वसई-विरारकडच्या कुणालाही ती तारीख सांगून बघा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, विरारची लोकल बंद, वीज गेलेली, आणि आमच्या गल्लीत सार कमरेपर्यंत. त्या संध्याकाळी पार्ल्याला एका निरोपसमारंभात माझं भाषण होतं. म्हणून सकाळी आठ वाजता मी इस्त्रीवाल्याला फोन केला होता की शर्ट-पँट दुपारपर्यंत पाहिजेच, सबबी चालणार नाहीत. गाड्या बंद झाल्याचं मला साडेनवालाच कळलं. परत फोन करून "राहू दे" म्हणायचं, ते राहून गेलं. का राहून गेलं याला काही कारण नाही. म्हणूनच ते अजून आठवतं.

बाराच्या सुमारास मी गॅलरीत होतो आणि हातात नवा मोबाईल होता. डोक्यावर चादरीचं गाठोडं घेऊन एक माणूस पाण्यातून येत होता. राखाडी पाणी, राखाडी आकाश, मागे जीवदानीचा डोंगर पुसट झालेला, आणि मध्ये ते पांढरं गाठोडं. दृश्य खरोखर सुंदर होतं, हे आजही मी नाकारणार नाही. मी व्हिडिओ सुरू केला. चालता चालता तो मध्येच थांबला, एकदम छातीपर्यंत खाली गेला आणि त्याने एक हात वर केला. मीही हात वर केला. उजव्या हातात मोबाईल असल्यामुळे डावा.

गटाराच्या कडेची फरशी निसटून त्याचा पाय आत अडकला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच पाण्यात उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले होते; तेव्हा मी चार दिवस सर्वांना पालिकेबद्दल व्याख्यानं दिली होती. इथे समोरच्या तळमजल्यावरचा दहावीतला पोरगा कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आला. इस्त्रीवाल्याला त्याने ओढून काढलं. संध्याकाळी माझा शर्ट मला कोरडा मिळाला. पँटला थोडा चिखल होता, त्याबद्दल त्याने माफी मागितली. "काका, मी तुम्हांला हात करत होतो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मला वाटलं नमस्कार करतोयस." तो हसला. मीही हसलो. व्हिडिओ मी फॅमिली ग्रुपवर टाकला होता. तो सर्वांना फार आवडला.

हे सगळं मी सहा वर्षांनी आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना सांगितलं. ते तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांच्यापाशी कुठल्याही अपराधाला जोडीदार मिळतो. त्यांनी पीटर सिंगर नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा १९७२ चा निबंध काढला. तो म्हणतो, उथळ तळ्यात मूल बुडतंय आणि मी शेजारून चाललोय, तर मी उतरून ते काढलंच पाहिजे. माझे कपडे चिखलाने भरतील ही गोष्ट त्यापुढे काहीच नव्हे. आणि मग तो विचारतो, की मूल डोळ्यांपुढे नसून हजारो मैलांवर असलं म्हणून काय फरक पडतो?

"फरक पडतो," मी म्हणालो. "लांबच्या मुलाला मी पैसे पाठवलेत. पावत्या आहेत. मी चुकलो तो तीस फुटांवर. आणि कपडे चिखलात जायची मला भीती नव्हती हो. माझे कपडे त्याच्याच डोक्यावर होते."

प्राध्यापक यावर बराच वेळ बोलले नाहीत. सिंगरने या शक्यतेचा विचार केलेला नसावा.

मग मी मला सोयीचा मुद्दा काढला. म्हटलं, कॅमेरा म्हणजे नेहमी हात बांधून बघणंच असतं असं थोडंच आहे? आपल्या नंदुरबारकडे डोमखेडीला १९९९ साली सरदार सरोवराचं पाणी चढत असताना माणसं त्यात उभी राहिली. २०१२ मध्ये मध्य प्रदेशात खांडव्याकडे घोगलगावला लोक ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात सतरा दिवस गळ्याइतके उभे होते. त्यांच्या पायांची कातडी सोलवटलेली होती. ती चित्रं देशभर दिसली आणि सरकारला धरणातल्या पाण्याची पातळी खाली आणायला लागली. तिथे शरीर पाण्यात घातलं होतं तेच मुळी लोकांनी बघावं म्हणून. तिथे बघणं हीच मदत होती, कॅमेरा हीच दोरी होती.

"बरोबर," प्राध्यापक म्हणाले. "तुम्ही तेव्हा पाहिलंत?"

पाहिलं होतं. टेलिव्हिजनवर ते पाय दाखवत होते तेव्हा आमचं जेवण चाललं होतं. मी चॅनेल बदललं.

म्हणजे हिशेब असा झाला, की ज्यांनी "बघा" म्हणून सांगितलं त्यांच्याकडे मी पाहिलं नाही, आणि जो बघू नका, या म्हणत होता त्याच्याकडे एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद पाहत राहिलो. सत्तेचाळीस सेकंद मला कसे ठाऊक? तो व्हिडिओ मी शोधून काढला. तीन मोबाईल बदलले तरी तो मागोमाग आला होता. सुप्रभातच्या गुलाबांखाली दडलेला. रात्री सगळे झोपल्यावर मी तो लावला.

चित्र मला आठवत होतं तसंच होतं. आवाज मात्र मी विसरलो होतो. सुरुवातीला पावसाचा. मग माझा: "अगं, लवकर ये! बघ कसा येतोय! काय छान दिसतंय!" मग इस्त्रीवाल्याचा हात वर होतो. मग तो काहीतरी ओरडतो, ते पावसात ऐकू येत नाही. पण त्यातला "काका" एवढा शब्द नीट ऐकू येतो, दोनदा. मग शेवटी उजव्या बाजूने तो दहावीतला पोरगा दोरी घेऊन चित्रात शिरतो, आणि माझा आवाज म्हणतो, "अरे ए, बाजूला हो! मध्ये येतोयस!"

मी तो तीनदा ऐकला. मला वाटलं होतं, मला कळलं नाही. कळलं नव्हतं हे खरंच. पण न कळणारा माणूस कसा बोलतो हे आपण सहसा ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला कपडे न्यायला आला तेव्हा मी बोलून गेलो, की अरे, त्या पुरातला तुझा व्हिडिओ आहे माझ्याकडे. माझी कल्पना होती की तो गप्प होईल. तो खूश झाला. "माझा? पाठवा की काका! पोरगी कॉलेजात आहे, तिला दाखवतो. सारखी सांगतो, मी कसा वाचलो, तर विश्वासच ठेवत नाही." आता ह्याला नाही कसं म्हणायचं? आणि कुठल्या तोंडाने म्हणायचं, हाही प्रश्नच.

पुतणीला विचारलं, व्हिडिओतला आवाज काढून टाकता येतो का? तिने आधी व्हिडिओ पाहिला. पाहून झाल्यावर माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "काका, आवाज कशाला काढता? आवाजच तर आहे सगळं यात. यात परफॉर्मन्स त्याचा नाहीये." मी म्हटलं, तू मला कसा काढायचा तेवढं सांग. तिने सांगितलं. एक बटण आहे, लाउडस्पीकरचं चित्र असलेलं. ते दाबलं की झालं. व्हायोलाच्या काकांना आणि माझ्या काकांना असलं काही लागलं नव्हतं.

मोबाईलमध्ये तो 'इस्त्री' या नावाने आहे. त्याचं खरं नाव मी त्या दिवशीही विचारलं नाही. व्हिडिओ पाठवला. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. मग इस्त्रीचा निरोप आला:

"काका, आवाज येत नाही."